कादंबरीकाराचा चीन, कारखान्यातला चीन

विषयाची व्याप्ती

मराठी माणसाला चीन दोन वाटांनी भेटला. एक वाट छापील पुस्तकाची, दुसरी यंत्राची आणि मालाची. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या दोन्ही वाटा एकाच वस्तीत येऊन पोचतात. पहिल्या पाळीला चिनी बनावटीच्या यंत्रावर उभा राहणारा कामगार संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद असू शकतो. तरीही त्याच्या हातातले यंत्र आणि ग्रंथालयातले चीनवरचे पुस्तक यांची सहसा गाठ पडत नाही. याचे कारण वाचकाच्या अनास्थेत जेवढे आहे, त्याहून अधिक ते मराठी लेखकाच्या उपजीविकेत आणि मराठी पुस्तकाच्या प्रसाराच्या रीतीत आहे. प्रस्तुत लेखात अरुण साधू हे मध्यवर्ती उदाहरण घेतले आहे. चीनवर सविस्तर लिहिणारा महत्त्वाचा मराठी कादंबरीकार म्हटले की प्रथम त्यांचेच नाव पुढे येते.

अरुण साधू : बातमीदार आणि कादंबरीकार

अरुण साधू यांचा जन्म १९४१ साली अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. पुण्यात ‘केसरी’पासून त्यांची पत्रकारिता सुरू झाली. पुढे मुंबईत त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांत काम केले आणि ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपद सांभाळले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमधील विभागाचे, प्रमुख होते. २००७ साली नागपूरला भरलेल्या ८०व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. सत्तेभोवती फिरणारा बातमीदार दिगू टिपणीस अनेकांना ठाऊक आहे, पण तो ठाऊक आहे निळू फुले यांच्या चेहऱ्याने. मूळ कादंबरीपर्यंत त्यांपैकी किती जण गेले, हा प्रश्न वेगळा. पुस्तकाच्या प्रसिद्धीचे सर्वांत बलवान साधन पुस्तकाबाहेरच असते, एवढे मात्र यातून दिसते.

याच लेखकाने ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ हे चिनी क्रांतीचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहिले आणि पुढे ‘ड्रॅगन जागा झाल्यावर’ हे त्यानंतरच्या चीनवरचे. क्यूबा आणि सोव्हिएत रशिया हेही त्यांचे विषय होते. विक्रम सेठ यांच्या ‘अ सुटेबल बॉय’ या प्रचंड कादंबरीचा त्यांनी ‘शुभमंगल’ या नावाने मराठी अनुवाद केला. सेठ स्वतः नानजिंग विद्यापीठात शिकलेले, चिनी कवितेचे अनुवादक. त्या कादंबरीतला एक नायक चामड्याच्या आणि पादत्राणांच्या उद्योगात काम करतो. कारखाना हे कादंबरीचे कार्यस्थान होऊ शकते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

साप्ताहिकातून पुस्तकाकडे

श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये पुण्यातून सुरू केलेल्या ‘माणूस’ने आंतरराष्ट्रीय राजकारणावरच्या दीर्घ लेखमाला मराठी वाचकांसमोर आणल्या. साधूंचे क्रांत्यांवरील लेखन या परंपरेतले आहे. लेखमालेची कार्यपद्धती साधी पण परिणामकारक असते. दर आठवड्याला एक प्रकरण छापले जाते, वाचकांची पत्रे येतात, चुका लक्षात येतात आणि पुस्तक निघेपर्यंत त्याला वाचकवर्ग तयार झालेला असतो. प्रकाशकाला वेगळी जाहिरात करावी लागत नाही, कारण पुस्तकाचा बराचसा भाग वाचकाच्या ओळखीचा असतो. आज साप्ताहिकांचे ते बळ उरलेले नाही. दिवाळी अंक मात्र टिकून आहेत. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा अजूनही नव्या कादंबरीचा अंश किंवा दीर्घ लेख प्रथम छापण्याची जागा पुरवते. वर्षातून एकदाच, ही तिची मर्यादा.

कादंबरीकाराने इतिहास सांगितला की

ऑक्टोबर १९३४ ते ऑक्टोबर १९३५ या काळात चिनी साम्यवादी सैन्याने केलेली दीर्घ कूच, जपानशी युद्ध, यादवी आणि १ ऑक्टोबर १९४९ रोजी झालेली प्रजासत्ताकाची घोषणा हा घटनाक्रम कोणत्याही ज्ञानकोशात मिळतो. कादंबरीकार त्यात तीन गोष्टी आणतो. तो शेकडो नावांतून लक्षात राहतील अशी मोजकी माणसे निवडतो. तो निर्णयाच्या क्षणी माणसापुढे कोणते पर्याय होते हे दाखवतो. आणि भूगोल, अन्न, थंडी, अंतर या गोष्टींना तो राजकारणाइतकेच वजन देतो. १९६२ च्या युद्धानंतर मराठी घरात चीन म्हणजे केवळ शत्रू होता. त्या काळात त्या देशातल्या शेतकऱ्याचे कर्ज आणि जमीनदाराची वसुली मराठीतून समजून घेणे ही सोपी गोष्ट नव्हती.

या पद्धतीत धोकाही आहे. निवडलेली माणसे बहुधा विजेत्यांची असतात. क्रांतीची कथा जेवढी वेधक होते, तेवढी तिच्या नंतरच्या दुष्काळाची आणि सांस्कृतिक क्रांतीतल्या छळाची कथा मागे पडते. शिवाय चीनवरच्या अशा लेखनाची साधने बहुतांशी इंग्रजी असत. एडगर स्नो यांच्या १९३७ च्या ‘रेड स्टार ओव्हर चायना’सारख्या पुस्तकांनी क्रांतीची जी प्रतिमा जगभर नेली, ती अनेक भाषांत जवळजवळ जशीच्या तशी उतरली.

डॉ. कोटणीस : माणूस, पुस्तक, चित्रपट

महाराष्ट्र आणि चीन यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध दुवा साधूंच्याही आधीचा आहे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात प्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस होते. इतर चौघे यथावकाश परतले. कोटणीस उत्तर चीनमधल्या आघाडीवर राहिले, चिनी भाषा शिकले आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. त्यातले पहिले अक्षर भारताचे, दुसरे चीनचे. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मुलगा जेमतेम चार महिन्यांचा होता आणि वडिलांचे वय ३२.

ही कथा भारतात पोचली ती कादंबरीकारामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावरून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. पटकथा अब्बास आणि व. पां. साठे यांची होती. कोटणिसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली आणि चिनी पत्नीची जयश्री यांनी. चिनी व्यक्तिरेखेसाठी भारतीय नटी घेणे त्या काळात फारसे कोणाला खटकले नसावे. आजचा प्रेक्षक तिथे नक्की अडखळेल.

इथे एक साखळी स्पष्ट दिसते. आधी प्रत्यक्ष जगलेले आयुष्य, मग परतलेल्या सहकाऱ्याची साक्ष, तिच्यावरून पुस्तक, पुस्तकावरून चित्रपट आणि शेवटी स्मारक. सोलापुरातील त्यांच्या घरी आता स्मारक आहे. चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि चिनी पाहुणे महाराष्ट्रात आले की कोटणीस कुटुंबाचा उल्लेख करतातच. मात्र प्रत्येक कडीला काहीतरी गळते. चित्रपटात युद्ध आणि प्रेम उरले. कोटणिसांनी भाषा कशी आत्मसात केली आणि तुटपुंज्या साधनांत शल्यक्रियेचे शिक्षण कसे दिले, हा मधला अवघड भाग मागे पडला.

मराठी पुस्तकाचा प्रसार

प्रकाशन समारंभ, वृत्तपत्रातील परीक्षण, प्रकाशनपूर्व सवलत, ग्रंथप्रदर्शन, ग्रंथालयांची खरेदी आणि साहित्य संमेलन ही मराठी पुस्तकाच्या प्रसाराची रूढ साधने आहेत. लेखकाने गावोगाव फिरून वाचकांना भेटण्याची प्रथा व्याख्यानमालांच्या रूपाने आहे, पण तिथे पुस्तकापेक्षा वक्तृत्वाला मान अधिक. समारंभात पुस्तकाचे वेष्टन सोडणारे पाहुणे ते पुस्तक वाचून आलेले असतातच असे नाही.

अर्थकारण समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची आणि मानधन १० टक्के धरले, तर सर्व प्रती विकल्यावर लेखकाला ३०,००० रुपये मिळतात. आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली, तर वर्षाचे १०,००० होतात. औद्योगिक पट्ट्यातल्या कुशल कामगाराच्या एका महिन्याच्या पगारालाही ही रक्कम पोचत नाही. म्हणून मराठी कादंबरीकार बहुधा प्राध्यापक, पत्रकार, बँक कर्मचारी किंवा शासकीय अधिकारी असतो. साधूंचे उत्पन्नही पत्रकारितेतून आणि अध्यापनातून होते. परदेशी विषयावर लिहायचे तर प्रवास, भाषा आणि वेळ यांचा खर्च याच नोकरीच्या फटीतून काढावा लागतो.

ग्रंथालय हा या व्यवस्थेचा खरा कणा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्यानुसार अनुदान मिळते. कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांतही ग्रंथालये असतात. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, मग विषयानुसार कपाट ठरते. अनेक लहान ग्रंथालयांत कपाटांची विभागणी ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवासवर्णन’, ‘इतिहास’ अशी असते. ‘सिंहासन’ पहिल्या कपाटात जाते आणि ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ शेवटच्या. कादंबरीचे कपाट रोज उघडते. इतिहासाच्या कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असते आणि ती मागावी लागते. एकाच लेखकाचे दोन वाचकवर्ग असे तयार होतात आणि परस्परांना अनोळखी राहतात.

पिंपरीचे संमेलन आणि एचए मैदान

८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीला झाले. अध्यक्ष श्रीपाल सबनीस होते. मांडव पडला तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या, म्हणजे स्थानिक बोलीत ‘एचए’च्या मैदानावर. संमेलनातील ग्रंथप्रदर्शन ही मराठी प्रकाशकांसाठी मोठी संधी असते. भाषणांपेक्षा तिथली गर्दी अधिक मोलाची, असे विक्रेते उघड सांगतात.

या जागेचा चीनशी संबंध संमेलनात फारसा कोणाच्या मनात आला नसेल, पण तो आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे पेनिसिलीन तयार करणारा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. पिंपरीच्या औद्योगिकीकरणाचा आरंभ येथून मानला जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ त्यानंतर आठ वर्षांनी, १९६२ मध्ये आले. पेनिसिलीन बुरशीच्या किण्वनातून मिळते. त्याला मोठ्या टाक्या, सतत वीज, साखरेचा स्वस्त पुरवठा आणि प्रचंड प्रमाण लागते. नव्वदच्या दशकापासून चिनी उत्पादकांनी हे प्रमाण इतके वाढवले, की आयात पेनिसिलीन-जी भारतीय उत्पादनापेक्षा स्वस्त पडू लागले. व्यवस्थापनाच्या इतर अडचणी होत्याच. १९९७ मध्ये कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेली. साहित्याचा मांडव ज्या मैदानावर पडला, त्याच्या शेजारच्या कारखान्याचे भवितव्य चीनमधल्या किण्वन टाक्यांनी बरेचसे ठरवले होते. कादंबरीकाराला यापेक्षा चांगला आरंभबिंदू शोधून सापडणार नाही.

जुना चिनी वारसा

महाराष्ट्राचा चीनशी संबंध मात्र कारखान्यांहून बराच जुना आहे. सातव्या शतकात चिनी प्रवासी श्युआन त्सांगने दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे आणि महाराष्ट्रातील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन केले, ते शाळेतच शिकवले जाते. कमी माहीत असलेली गोष्ट महाबळेश्वरची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मलाया किनाऱ्यावरच्या वसाहतींतून चिनी व मलायी कैदी तेथे आणून ठेवले होते. भाजीपाल्याची लागवड आणि वेताचे विणकाम ही त्यांची कामे होती. मुंबईत माझगावला कँटनकडून आलेल्या दर्यावर्दी कुटुंबांचे देऊळ अजून आहे. मुंबईचे नेल्सन वाँग हे कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. सत्तरच्या दशकात मंचुरियन त्यांनी प्रथम केले असे मानले जाते. भोसरी-चाकणच्या नाक्यांवर संध्याकाळी लागणाऱ्या ‘चायनीज’च्या गाड्यांवर मिळणारा हा पदार्थ चीनमध्ये कोणी ओळखणार नाही.

पुण्याच्या विद्वत्तेचाही एक धागा आहे. पु. वि. बापट यांनी जपानी अभ्यासक अकिरा हिराकावा यांच्यासह विनयपिटकाच्या अट्ठकथेच्या, म्हणजे भाष्याच्या, चिनी पाठाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो भांडारकर संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. ही चिनी भाषा बौद्ध ग्रंथांची होती. त्याच काळात चीनमध्ये लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांकडे या परंपरेने फारसे पाहिले नाही.

चाकण–तळेगाव : करार आणि खंड

चाकण औद्योगिक वसाहतीत बांधकामाची अवजड यंत्रे बनवणाऱ्या ‘सॅनी’ या चिनी कंपनीचा कारखाना आहे. रांजणगावला ‘हायर’ शीतकपाटे तयार करते. तळेगावच्या जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ‘ग्रेट वॉल मोटर्स’ या चिनी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये केला. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस पूर्वपरवानगी सक्तीची केली. जूनमध्ये राज्य सरकारने ग्रेट वॉल, फोटॉनचा सहभाग असलेला एक विद्युत बस प्रकल्प आणि हेंगली या तीन प्रस्तावांवर एकूण ५,०२० कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. त्याच सुमारास भारत-चीन सीमेवर गलवानची चकमक झाली आणि आठवड्याभरात करार स्थगित झाले. ग्रेट वॉलच्या कराराची मुदत २०२२ च्या मध्यावर संपली. २०२३ मध्ये त्या कारखान्यासाठी ह्युंदाईने करार केला. मांडारिनचे वर्ग लावलेल्या तरुणांना मग कोरियनकडे वळावेसे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

यंत्राच्या पडद्यावर

राजनैतिक संबंध बिघडले म्हणून यंत्रे थांबली नाहीत. भोसरी आणि चाकणच्या लघुउद्योगांत गाड्यांचे प्लास्टिकचे सुटे भाग ओतणारी अनेक मोल्डिंग यंत्रे चिनी आहेत. यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ पडद्याची भाषा इंग्रजी करून देतो, पण धोक्याच्या काही सूचना चिनीतच राहून जातात. यंत्र लावून देणारा कामगार, म्हणजे सेटर, मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरतो आणि अनुवादाचे ॲप काहीतरी अगम्य वाक्य देते. त्यामुळे अक्षरांपेक्षा सूचनेच्या क्रमांकावर भर असतो. पाळीच्या डायरीत क्रमांकापुढे ‘तेल गरम – पाणी बघणे’ अशी नोंद सापडते. हायड्रॉलिक तेलाचे तापमान वाढले आहे, थंड पाण्याची वाहिनी तुंबली का ते तपासावे, एवढा मजकूर त्यात मावतो. २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणे अवघड झाले, तेव्हा दुरुस्ती व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. चीनमधल्या निंगबोतला माणूस हाताने खूण करतो, चाकणचा माणूस पाना फिरवतो, आणि दोघांची इंग्रजी सारखीच मोडकी असल्याने काम होते.

‘मुंबई दिनांक’मध्ये साधूंनी मंत्रालय, वृत्तपत्राची कचेरी आणि रस्ता यांना एका वेळापत्रकात बांधले होते. मोल्डिंग यंत्राची डायरी, दुभाषा, कंत्राटी कामगार आणि गोदीत अडकलेला सुटा भाग यांना तशी बांधणी मिळण्यासारखी आहे. कामगार जीवनावर मराठीत भरपूर लेखन झाले, पण त्यातला कारखाना बहुतेक वेळा गिरणी आहे आणि संघर्ष मालक–युनियनचा. दूरच्या देशाशी यंत्राच्या मार्गाने जडणारा संबंध अजून त्यात ठळकपणे आलेला नाही.

अनुवादाची अडचण

समकालीन चिनी कादंबरी मराठीत आलीच तर प्रायः इंग्रजीच्या वाटेने येते. चिनी कादंबरीकार मो यान यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा त्यांचे नाव मराठी वृत्तपत्रांनी इंग्रजी अनुवादांच्या आधारेच वाचकांपर्यंत नेले. आजची बोली चिनी येणारे मराठी तरुण पुण्यात आहेत. त्यांना काम मिळते ते यंत्रांची माहितीपत्रके, करार आणि कारखान्याच्या भेटी यांचे, आणि त्याचे पैसे पानावर किंवा दिवसावर ठरतात. २०२५ मध्ये चिनी पर्यटकांना व्हिसा आणि दोन्ही देशांत थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाल्यावर या कामाला वाव वाढला. याच तरुणांपैकी कोणी चारशे पानांची कादंबरी मूळ चिनीतून मराठीत आणायची म्हटली, तर नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष जाते. मूळ हक्कासाठी परदेशी प्रकाशकाला आगाऊ रक्कम द्यावी लागते ती वेगळीच, आणि हजार प्रतींच्या आवृत्तीवर ती वसूल होत नाही. मानधनाचा हिशेब वर मांडलाच आहे. अनुवादित पुस्तकात त्या ३०,००० रुपयांचे वाटेकरी दोन होतात.